डावीकडून येणाऱ्या गाड्या

बदकांची अख्खी रांग ट्रकखाली गेली, तरी ठमीचे बाबा शांत बसून होते. हातात माउस, समोर ढब्बूने आणलेला भलामोठा मॉनिटर, आणि चेहऱ्यावर पुढची गाडी कधी येते याची वाट बघणं.

"बाबा, ट्रक आला की त्याच्यावर दाबायचं. दाबलं की तो थांबतो," ठमी म्हणाली.

"कुठला ट्रक?"

ठमीला वाटलं, बाबा फिरकी घेताहेत. त्यांची ती जुनी खोड होती. तिने ढब्बूकडे बघितलं, ढब्बूने खांदे उडवले, आणि गेम पुन्हा पहिल्यापासून सुरू झाला. उजवीकडून टॅक्सी आली, बाबांनी थांबवली. उजवीकडून दुधाची गाडी आली, तीही थांबवली, आणि इतक्या झटक्यात की ढब्बूने वा म्हटलं. मग डावीकडून एक साधी, लाल, डोळ्यांत भरेल अशी मोटार निघाली, आरामात अर्धा रस्ता कापून आली आणि पुन्हा बदकं गेली.

"तुमचा गेम कच्चा आहे," बाबा माउस ठेवत म्हणाले. "गाड्या मधूनच कुठूनतरी उगवतात. रस्त्यावर असं होत नाही. मला विचारा."

रस्त्याबद्दल बाबांना विचारण्यात अर्थ होता. ते शाळेची बस चालवायचे आणि त्यांच्या हातून आजवर कुणाला ओरखडाही आलेला नव्हता. गेमची कल्पनाही त्यांच्यामुळेच सुचली होती. तळ्यातली बदकं रस्ता ओलांडत होती म्हणून त्यांनी एकदा भरलेली बस थांबवून धरली होती, आणि मागच्या गाड्यांनी हॉर्न वाजवून त्यांचे कान किटवले होते. ते हे घरी इतक्या वेळा सांगायचे की आई शेवटचं वाक्य त्यांच्याआधी म्हणायची.

ठमी खोक्यांवरची चित्रं काढायची. साबणाची, बिस्किटांची, डास पळवणाऱ्या वड्यांची. ती नोकरी सोडून तिने गेम बनवायचं ठरवलं, तेव्हा तिच्या सोबतीला आला तो आतेभाऊ ढब्बू. तो दवाखान्यांच्या बिलांचे प्रोग्रॅम लिहायचा आणि त्याला त्याचा मनापासून वीट आला होता. चित्रं हिची, कोड त्याचा, एवढं पाच मिनिटांत ठरलं. त्यानंतर जे ठरत नव्हतं ते म्हणजे गेम कशासाठी बनवायचा आणि कशात बनवायचा.

ढब्बूचं म्हणणं, कॉम्प्युटरसाठी. "मोबाइलवर गेमचा नुसता ढीग पडलाय. त्या ढिगात आपली बदकं कोण शोधणार? कॉम्प्युटरवर माणूस नीट बसून खेळतो."

ठमीचं म्हणणं, मोबाइलसाठी. "नीट बसायला वेळ कुणाला आहे? बस येईपर्यंत दोन मिनिटं मिळतात, तेवढ्यात खेळता यायला हवा."

इंजिनवरूनही तेच. इंजिन म्हणजे गेम ज्यात जुळवतात तो प्रोग्रॅम. ढब्बूला मोठं इंजिन हवं होतं, सगळ्या जगात चालणारं, ज्यात अख्खं शहर उभं करता येतं. ठमी म्हणायची, आपल्याला एक रस्ता आणि थोडी बदकं हवीत, शहर कशाला? ते इंजिन उघडलं की तिचा लॅपटॉप पिठाच्या गिरणीसारखा घरघरायचा. तिने एक छोटं, फुकट मिळणारं इंजिन शोधलं होतं. चपटी चित्रं हलवायची एवढंच त्याला यायचं, पण ते चटकन उघडायचं आणि तिला त्यातलं समजायचं.

"एवढा घोळ मी घर घेतानाही घातला नव्हता," आई म्हणाली.

शेवटी तडजोड झाली. ढब्बूच्या मोठ्या इंजिनमध्ये एक छोटा नमुना बनवायचा, तो मोबाइलवरही चालेल आणि कॉम्प्युटरवरही. घरातल्यांना दोन्हीवर खेळायला बसवायचं. कोण कुठे दाबतं त्याचा एकेक ठिपका साठवून ठेवायचा आणि मग बघून ठरवायचं. बाबा सकाळची मुलं शाळेत सोडून घरी यायचे आणि दुपारी पुन्हा निघायचे. मधल्या वेळेत ते खेळले.

त्यांचे ठिपके बघून ठमी हरखली. मोबाइलवर पडदाभर ठिपके होते. मोठ्या मॉनिटरवर उजवी बाजू गच्च भरलेली आणि डावी बाजू फडक्याने पुसून काढावी तशी कोरी.

"बघ," ती ढब्बूला म्हणाली. "मोबाइलवर बाबा एक नंबर खेळतात, तुझ्या मॉनिटरवर त्यांना काही सुधरत नाही. झाला निकाल."

"निकाल कसला? इंजिनमध्ये बग आहे. मोठ्या पडद्यावर डावीकडचं दाबलेलं पोचत नसणार."

"म्हणजे तुझं ते सगळ्या जगात चालणारं इंजिन इथे चालत नाही."

ढब्बूला ते झोंबलं. त्याने कोड उलटापालटा केला, माउस बदलला, वायर बदलली. तो स्वतः खेळला तेव्हा डावीकडचं सगळं पोचत होतं. मामा बसले की पोचत नव्हतं. त्याला काही उलगडेना आणि ठमीला आयती संधी मिळाली. तिने तोच नमुना आपल्या छोट्या इंजिनमध्ये पुन्हा बनवायला घेतला. आठवडाभर ती त्यावर वाकून बसली होती. जेवायला हाक मारली तर हो म्हणायची आणि उठायची नाही. नवा नमुना चालू लागला तेव्हा तिने आधी आईला मॉनिटरसमोर बसवलं. आईने एकही गाडी सोडली नाही. मधेमधे ती बदकांवरही दाबत होती.

"बदकांवर कशाला दाबतेस?"

"गोड आहेत," आई म्हणाली.

आईचे ठिपके पडदाभर होते, डावीकडे आणि उजवीकडे सारखेच. ठमीने विजयी मुद्रेने ढब्बूला फोन करून बोलावून घेतलं. तो येईपर्यंत बाबाही आले. गणवेशाचा शर्ट अंगात तसाच होता, दुपारच्या फेरीला अजून वेळ होता. ते बसले. उजवीकडची टॅक्सी थांबली. डावीकडच्या ट्रकने बदकं चिरडली.

"अजून तसंच आहे तुमचं," बाबा म्हणाले. "मधूनच उगवतात."

ढब्बू वाकून पडद्याकडे बघू लागला. इंजिन वेगळं, कोड वेगळा, तरी चूक तीच. त्याला आता जिंकल्याचंही सुख नव्हतं, कारण हे कुणाचंच जिंकणं नव्हतं.

"चित्र उलटं करून बघ," तो म्हणाला. "आरशात दिसतं तसं. म्हणजे डावीकडच्या गाड्यांच्या कोडमध्ये काही असेल तर चूकही उजवीकडे जाईल."

ठमीने एका ठिकाणी खूण केली आणि रस्ता उलटा झाला. ज्या गाड्या डावीकडून यायच्या त्या उजवीकडून येऊ लागल्या. तोच ट्रक, तीच लाल मोटार. बाबांनी ट्रक थांबवला. लाल मोटार थांबवली. आणि टॅक्सी, जी त्यांनी आजवर एकदाही सोडली नव्हती, ती डावीकडून सावकाश आली आणि बदकांवरून गेली.

बाबा पडद्याकडे बघत होते. ठमी बाबांकडे बघत होती. ढब्बू तिच्या मागे उभा होता आणि त्याचा श्वास तिला ऐकू येत होता.

गेममध्ये काहीही बिघडलेलं नव्हतं. दोन्ही इंजिनं ठीक होती.

आपण किती दिवस मोबाइल की कॉम्प्युटर करत भांडतोय, आणि एवढे दिवस बाबा रोज दोनदा बस घेऊन रस्त्यावर जाताहेत, एवढंच ठमीच्या डोक्यात फिरत राहिलं. मोबाइलचा पडदा तळहाताएवढा, तो सगळा नजरेच्या मध्यावर मावतो. रस्ता मावत नाही.

"चला, निघतो," बाबा उठले. "मुलं सुटायची वेळ होईल."

ते दाराशी बसून बूट घालू लागले. ठमी त्यांच्या आणि दाराच्या मध्ये जाऊन उभी राहिली.

"बाबा, जरा थांबा. एक मिनिट समोरच्या घड्याळाकडे बघा."

"उशीर झालेला नाही मला."

"वेळ नका बघू. नुसती नजर तिथे ठेवा. हलवू नका. माझा हात दिसला की सांगा."

"आता हा कुठला गेम?"

"बघा ना, मामा," ढब्बू म्हणाला. त्याचा आवाज असा काही आला की बाबांनी मुकाट्याने घड्याळाकडे बघितलं.

ठमी त्यांच्या डाव्या बाजूला उभी राहिली आणि तिने हात लांब धरला. बोटं हलवली. बाबा घड्याळाकडे बघत राहिले. तिने हात जवळ आणला. आणखी जवळ आणला. आई स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी राहिली होती, तिच्या हातातला ओला चमचा टपटप गळत होता. हात बाबांच्या गालाच्या पुढे आला, नाकाच्या रेषेजवळ आला.

"कधी दाखवणार आहेस?" बाबांनी विचारलं.

आई दारातच खाली बसली.

"आत्ता दिसला," बाबा म्हणाले. "कुठून आणलास?"

त्यांनी सगळ्यांकडे एकेक करून बघितलं. मग त्यांनी स्वतःचा डावा हात वर केला, नजर पुन्हा घड्याळावर लावली आणि हात हळूहळू बाजूला नेला. परत आणला. पुन्हा नेला. हात नसल्यासारखा व्हायचा आणि असल्यासारखा व्हायचा. ते कितीतरी वेळ तेच करत राहिले.

"काळं दिसत नाही गं," शेवटी ते म्हणाले. "काळं दिसलं असतं तर कळलं असतं. इथे सगळं नेहमीसारखंच आहे. फक्त हात नाही."

ठमीला वाटलं होतं ते चिडतील, मला शिकवू नका म्हणतील, बूट घालून निघून जातील. दाराला पाठ लावून उभं राहायची तिने तयारी केली होती. बाबांनी पायातला एक बूट काढला आणि शेजारी नीट ठेवला. मग फोन मागितला.

डेपोतल्या साहेबांना आधी ती थट्टा वाटली. फोनमधून त्यांचा आवाज सगळ्यांना ऐकू येत होता. "अंगात ताप आहे का? डोकं दुखतंय का?"

"नाही साहेब. मला डावीकडचं दिसत नाही."

"आजपासून?"

"ते माहीत नाही," बाबा म्हणाले. "गाडी दुसऱ्याला द्या. आत्ताच द्या, मुलं सुटतील."

त्यांनी फोन ठेवला तशी आई उठून जवळ आली. तिने त्यांचे दोन्ही हात आपल्या हातांत धरले आणि ती दोघं तशीच दाराशी बसून राहिली, एकाच्या पायात बूट, दुसरीच्या मांडीवर चमचा.

डोळ्यांच्या डॉक्टर बाईंनी बाबांना एका पांढऱ्या गोल यंत्रात डोकं घालून बसवलं. आत कुठेही प्रकाशाचा ठिपका चमकला की हातातलं बटण दाबायचं. ठमी बाहेर बसली होती. बटणाचा टक् टक् आवाज येत होता, मध्येच बंद पडत होता. त्या शांततेत आत कुठेतरी ठिपका चमकत असणार हे तिला कळत होतं.

"काचबिंदू आहे," डॉक्टर बाई म्हणाल्या. "बराच पुढे गेलाय. डाव्या डोळ्यात मधला थोडासा भाग उरलाय. उजव्याचीही नाकाकडची बाजू गेली आहे. म्हणजे दोन्ही मिळून डावीकडे फारसं काहीच नाही." मग त्यांनी सहज विचारलं, "काम काय करता?"

"शाळेची बस चालवतो."

डॉक्टर बाईंनी हातातलं पेन खाली ठेवलं.

"चालवत होते," आई म्हणाली.

"पण मी परवान्याच्या वेळी सगळी अक्षरं वाचली होती," बाबा म्हणाले. "अगदी खालच्या ओळीपर्यंत."

"अक्षरं आपण मधल्या नजरेने वाचतो. ती तुमची अजून चांगली आहे. कडेची जाते तेव्हा दुखत नाही, अंधारही होत नाही. मेंदू आजूबाजूचंच चित्र तिथे पसरून देतो, म्हणून माणसाला पत्ता लागत नाही. बहुतेक जण फार उशिरा येतात. तुम्हाला कसं कळलं?"

बाबांनी ठमीकडे बोट दाखवलं. "हिच्या बदकांमुळे."

गेलेलं परत येणार नव्हतं. उरलेलं टिकवायला थेंब होते, ते आयुष्यभर घालायचे होते. हे रक्ताच्या नात्यात असू शकतं, भावंडांनी आणि मुलांनी तपासून घ्यावं, असंही डॉक्टर बाईंनी सांगितलं. ठमीचे डोळे ठीक निघाले. आत्याला, म्हणजे ढब्बूच्या आईला, सुरुवात झालेली निघाली. ती त्या आठवड्यात आयुष्यात पहिल्यांदा डोळ्यांच्या डॉक्टरकडे गेली होती, तीही ढब्बूने हाताला धरून नेलं म्हणून. तिचं अजून काही गेलेलं नव्हतं. ढब्बू दवाखान्यातून थेट ठमीकडे आला, मॉनिटरसमोर बसला, आणि मॉनिटर चालूच न करता बराच वेळ त्याच्याकडे बघत राहिला.

बसमध्ये मुलांना चढवायला-उतरवायला एक मदतनीस बाई असायच्या. मुलं त्यांना मावशी म्हणायची, म्हणून सगळेच म्हणायचे. त्या बाबांना भेटायला घरी आल्या. आधी इकडचं तिकडचं बोलल्या, नव्या ड्रायव्हरला मुलं कशी छळतात ते सांगितलं. बाबा हसले. मग मावशींनी कप खाली ठेवला.

"दादा, मी तुम्हाला सारखी सांगायचे ना? डावीकडे सायकल आहे, डावीकडे आजोबा उभे आहेत."

"सांगायचात. मला वाटायचं, तुम्हाला बोलायची हौस आहे."

"मला वाटायचं, तुम्हाला ऐकू कमी येतं," मावशी म्हणाल्या. "मी त्या बाजूला येऊन उभी राहिले तरी तुम्ही मान वळवायचा नाहीत. म्हणून तर मी ओरडून सांगायचे. कानांचं कुणाला सांगितलं तर तुमचं काम जाईल, म्हणून मी कुणाला बोलले नाही."

बाबांच्या हातातली बशी कलली आणि चहा सांडला. ते त्यांच्याही लक्षात आलं नाही. आपण बस एकट्याने चालवतो अशी त्यांची समजूत होती. इतके दिवस ती बस दोघं मिळून चालवत होती आणि दोघांनाही ते ठाऊक नव्हतं. एखाद्या दिवशी मावशी आजारी पडल्या असतील, तेव्हा काय झालं असेल? त्यांनी ते विचारलं नाही.

गेमचं मग असं झालं की बदकं कुणालाच पुढे न्यावीशी वाटेनात. ढब्बूने दोनदा फाइल उघडली आणि बंद केली. ठमीने त्यातल्या गाड्या काढून टाकल्या, पण गाड्यांशिवाय रस्त्यात काही राहिलं नाही. काही दिवसांनी त्यांनी नवीन गेम घेतला, खोकी रचायचा. खोक्यांतलं ठमीला सगळं कळत होतं. या वेळी भांडण झालं नाही. छोटं इंजिन घेतलं, कारण आठवडाभरात दोघांनाही ते हातात बसलं होतं. आधी मोबाइलवर आणू, जमलं तर कॉम्प्युटरचं बघू, असं ढब्बूच म्हणाला. गेम तयार झाल्यावर तो थोड्या लोकांनी खेळला, त्यातल्या काहींनी बरं लिहिलं. पुढचा बनवण्याइतपत हुरूप त्यातून मिळाला. नमुना कुणाला खेळायला द्यायचा म्हटलं की मात्र ठमी अजूनही बिचकते. ठिपके बघायचं काम ती ढब्बूवर सोपवते.

डेपोने बाबांना गाड्यांच्या वेळा बघायचं टेबलावरचं काम दिलं. ते त्यांनी निमूटपणे स्वीकारलं. एका सुटीच्या सकाळी ते ठमीला म्हणाले, "माझ्याबरोबर चल. बसचा रस्ता पायी फिरून यायचाय."

दोघं निघाली. बाबा ठमीला आपल्या डाव्या बाजूला ठेवून चालत होते. प्रत्येक वळणावर ते थांबायचे आणि मान पूर्ण डावीकडे वळवून बघायचे. ठमी त्यांना काही सांगायला जात नव्हती. एका ठिकाणी त्यांनी विचारलं, "ही गल्ली कधी झाली?"

"ती आहेच, बाबा. आधीपासून."

बाबांनी गल्लीकडे बघितलं. दोन्ही बाजूंना घरं होती, जुनी, रंग उडालेली. एका दारातून एक छोटी मुलगी तीनचाकी सायकल घेऊन बाहेर आली, थेट गल्लीच्या तोंडापर्यंत आली आणि रस्त्याच्या कडेला येऊन थांबली. तिथे थांबणं तिच्या अंगवळणी पडलेलं असावं.

बाबा शेजारच्या दुकानाच्या पायरीवर बसले. ठमीने पाणी दिलं, त्यांनी घेतलं नाही.

"मी इथून रोज जात होतो," ते म्हणाले.

"हो."

"कुणाला काही झालं नाही."

"नाही झालं, बाबा."

ते वाक्य त्यांनी आणखी एकदा म्हटलं, या वेळी तिच्याशी नाही. मुलगी सायकल वळवून परत घरात गेली. बाबा ती दिसेनाशी होईपर्यंत मान वळवून बघत राहिले. मग उठले, ठमीच्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाले, "पुढे चल. अजून शाळा यायची आहे."